कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात रविवारी कपाला वीस मिनिटं का लागतात? (ठाणे)

नौपाडेकर
शनिवार, रात्री ९:४०

नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड, वसंत विहार आणि पलीकडे घोडबंदरच्या संकुलांखाली गाळ्यागाळ्यांत कॉफीची छोटी दुकानं झाली आहेत. साखळीतली मोठी दुकानं या धाग्यात नकोत, त्यांचं सगळं वरून ठरलेलं असतं. प्रश्न बारा-पंधरा खुर्च्यांच्या दुकानांचा आहे.

मंगळवारी दुपारी तिथे कॉफी पाच मिनिटांत येते आणि छान येते. तेच दुकान, तीच माणसं, रविवारी साडेदहाला मात्र वीस-पंचवीस मिनिटं. वर फेस रिठ्याच्या पाण्यासारखा, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि बिलात न मागितलेली एखादी ओळ. याला सरसकट 'सर्व्हिस वाईट' म्हणून मोकळं होता येतं, पण त्यातून कळत काहीच नाही.

जाणकारांनी वेळ, चव, बसायची जागा आणि बिल यांवर लिहावं. दुकानांची नावं नकोत. नाव आलं की धाग्याचा काश्मीर होतो, आणि उद्या मालक बदलला की प्रतिसाद निकामी.

पोर्टाफिल्टर
शनिवार, रात्री १०:२५

काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो.

आधी वेळेचा हिशेब. एका कॅपुचिनोसाठी १८ ग्रॅम पूड दळून घ्यायला ८-१० सेकंद, ती सारखी करून दाबायला तेवढेच, मशीनला लावून ३६ ग्रॅम अर्क उतरायला २५ ते ३०, दूध वाफवायला ३० ते ४०, ओतायला १०, मग वाफेची नळी पुसणं आणि चोथा आपटून काढणं यात आणखी १०-१५. अर्क उतरत असताना दूध वाफवता येतं, त्यामुळे एकटा सराईत माणूस कपाला साधारण सव्वा मिनिट घेतो. तुमच्या आधी सोळा कप असतील तर वीस मिनिटं झालीच, कोणी एक क्षण रेंगाळलं नाही तरी.

ते सोळा कप दुकानात दिसत नाहीत, इथेच गफलत होते. समोर चार टेबलं भरलेली दिसतात, पण काउंटरमागच्या टॅबवर ॲपवरून आलेल्या पाच-सहा पार्सल ऑर्डरी असतात. त्यात उशीर झाला तर दुकानाचं रेटिंग पडतं आणि डिलिव्हरीवाला दारात उभा असतो, म्हणून ती आधी उरकली जातात. टेबलावरचा माणूस कुठे पळून जात नाही हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट ऑर्डरच्या आकाराची. एकाच दुधाच्या दोन कॅपुचिनो एका जगात (दूध वाफवायच्या भांड्यात) एकदम वाफवता येतात. सहा जणांनी सहा तऱ्हेचं मागवलं, म्हणजे एक ओट मिल्क, एक बिनसाखरेची हॉट चॉकलेट, दोन आईस्ड, एक लाटे, एक 'एकदम कडक', तर प्रत्येकाला वेगळा जग, वेगळी धुणावळ. सहा कपांना आठ मिनिटं आणि त्यामागच्या टेबलाचा खोळंबा.

मशीनचं दुखणं निराळं. टू-ग्रुप, म्हणजे एकदम दोन ठिकाणी अर्क उतरवणारं मशीन साडेतीन-चार किलोवॅट ओढतं. जुन्या नौपाड्यातल्या गाळ्याचा मंजूर भार बेताचा, त्यातच एसी, दोन फ्रिज, ग्राइंडर आणि ओव्हन. महावितरणकडून भार वाढवून घ्यायचा म्हणजे नवी केबल, मीटर, सोसायटीची ना हरकत. मग मालक सिंगल-ग्रुप मशीन घेतो, ते १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. त्याचा बॉयलर छोटा. सलग चार-पाच जग वाफवले की वाफेच्या गेजचा काटा एक-सव्वा बारवरून पाऊणवर येतो. मग दुधाला मिनिटभर लागतं, आणि दमलेल्या वाफेने दूध नीट फिरत नाही, म्हणून फुगे मोठे राहतात. गर्दीतला उशीर आणि गर्दीतला खराब फेस ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

घोडबंदरवाली
शनिवार, रात्री १०:५०

उत्तम प्रतिसाद. मग रविवारी दोन माणसं का ठेवत नाहीत? आणि ऑर्डर घेतानाच 'वीस मिनिटं लागतील' असं सांगायला काय जातं?

पोर्टाफिल्टर
शनिवार, रात्री ११:१०

दोन माणसं असतात, पण दुसरा ऑर्डर घेणं, सँडविच गरम करणं आणि टेबल पुसणं यात अडकलेला. खरी विभागणी एक शॉटवर (म्हणजे अर्क उतरवण्यावर), एक दुधावर अशी हवी. तेव्हा कप ४० सेकंदांवर येतो. त्यासाठी रविवारचे तीन तास तिसरा माणूस लागतो.

वेळ सांगायला हवी हे शंभर टक्के मान्य. तुम्हीच विचारा, पण 'किती वेळ लागेल?' असं नको, त्याला 'पाच मिनिट' हे ठरलेलं उत्तर आहे. 'माझ्या आधी किती कप आहेत?' असं विचारा. आकडा मिळाला की सव्वाने गुणा.

दूधखुळा
रविवार, सकाळी ७:३५

फेसाबद्दल थोडं. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, जाडपणा देतो तो स्निग्धांश. पाकिटावर बघा: फुल क्रीममध्ये ६ टक्के, गायीच्या दुधात ३.५, टोन्डमध्ये ३. फुल क्रीमची कॅपुचिनो जड आणि गोडसर लागते, टोन्डचा फेस पटकन चढतो पण तोंडात रिकामा. बहुतेक बरी दुकानं गायीचं किंवा फुल क्रीम वापरतात.

दूध फ्रिजमधून काढलेलं, ४ अंशांच्या आसपास हवं. वाफवताना पहिले काही सेकंद नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाशी ठेवून हवा घ्यायची, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. जग हाताला कोमट लागला, म्हणजे ३५-४० अंश, की टोक थोडं आत ढकलायचं आणि नुसतं फिरवायचं, ६० ते ६५ पर्यंत. मे महिन्यात पिशवी काउंटरवरच पडून असेल तर दूध सुरुवातीलाच २५-३० अंशांवर असतं, हवा घ्यायला वेळच उरत नाही. तिथे फेस मार खातो.

दुसरं पाप म्हणजे जगात उरलेलं दूध न फेकता त्यातच थंड दूध ओतून पुन्हा वाफवणं. एकदा तापलेली प्रथिनं दुसऱ्यांदा तसा फेस धरत नाहीत. कपात ओळखायचं कसं? नीट झालेला फेस ओल्या ऑइलपेंटसारखा चकाकतो, चमच्याने बाजूला केला तर सावकाश परत येतो. दुसऱ्यांदा वाफवलेला कोरडा, मॅट, वर टोपीसारखा बसतो आणि खाली नुसतं गरम दूध. त्यावर पान काढलेलं नसेल तर नवल नाही, काढताच येत नाही.

आणि ते 'एकदम कडक गरम'. ही आपली चहाची सवय, चहा उकळूनच येतो. दूध ७० च्या वर गेलं की गोडवा जातो, उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेस मोडतो. गरमच हवी असेल तर 'कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या' असं सांगा. थंड चिनी मातीचा जाड कपच कॉफीची बरीच उष्णता खाऊन टाकतो.

चहाबाज
रविवार, सकाळी ८:०२

एका कॅपुचिनोला २२० रुपये! तेवढ्यात स्टेशनजवळ चौदा-पंधरा कटिंग येतात. त्या कपात पडतं तरी काय? आणि एवढं देऊन वर कप विसळायलाही आपणच सांगायचं.

हिशेबनीस
रविवार, सकाळी ८:४०

चहाबाजसाहेब, कपात फार काही पडत नाही, हे तुमचं बरोबर. दाणे किलोला हजार रुपये धरले तर १८ ग्रॅमचे १८ रुपये, दीडशे मिली दुधाचे दहा-अकरा, साखर, टिश्यू, वाया गेलेला शॉट धरून सगळे मिळून ३५ रुपये. बाकीचे तुम्ही खुर्चीला देता: गाळ्याचं भाडं, पगार, वीज, ॲपवाल्यांचं कमिशन. म्हणून पार्सलची कॉफी त्याच भावात घेणं हा हिशेबाने सर्वांत वाईट सौदा. खुर्ची मिळाली नाही, फेसही वाटेत बसला.

आता बिलाचं, जे मूळ प्रश्नात होतं.

रेस्टॉरंटवर जीएसटी ५ टक्के, म्हणजे २.५ केंद्राचा आणि २.५ राज्याचा. यापेक्षा जास्त दिसला तर विचारा. दुकान कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. तसं बिलावर लिहिलेलं असतं, आणि बिलाला 'टॅक्स इन्व्हॉइस' न म्हणता 'बिल ऑफ सप्लाय' म्हणतात. त्या मथळ्याखाली कराची ओळ दिसली तर काहीतरी चुकतंय. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक बिलावर असायला हवा.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तो बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती तत्त्वं उचलून धरली. आकड्यात बघा. ६४० चं खाणं-पिणं, त्यावर १० टक्के ६४, झाले ७०४, मग ७०४ वर जीएसटी ३५.२०, एकूण ७३९.२०. चार्ज काढला तर ६४० अधिक ३२, म्हणजे ६७२. फरक ६७ रुपये २० पैसे, कारण चार्जवरही कर बसतो.

करायचं काय? पैसे देण्याआधी, आवाज न चढवता, 'ही ओळ काढून नवीन बिल द्या' एवढंच. नुसती पेनाने खोडलेली प्रत घेऊ नका, त्यात कराचा आकडा जुनाच राहतो. नाही म्हणाले तर बिलाचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लहान दुकानं इथवर येऊ देत नाहीत. बहुतेकदा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ चालू ठेवलेली असते आणि काउंटरवरच्या पोराला ती बंद करायचा पासवर्ड नसतो, एवढाच मामला असतो.

बाटलीबंद पाण्याबद्दल मात्र वाद घालू नका. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधं पाणी मागा.

डेसिबल
रविवार, सकाळी ९:१५

आवाजाचं कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो.

असा गाळा साधारण बारा फूट रुंद, पंचवीस-अठ्ठावीस फूट खोल. खाली व्हिट्रिफाइड लादी, समोर काच, वर 'इंडस्ट्रियल लूक' म्हणून उघडा स्लॅब, टेबलांना ग्रॅनाइट. आवाज शोषून घेईल असं त्यात गिऱ्हाइकांचे कपडे सोडून काही नाही. ग्राइंडर ७५-८० डेसिबल करतो, चोथ्याचा डबा आपटतो, त्यात कोणी तरी गाणी वाढवतं. समोरासमोर बसून माणूस साधारण ६० डेसिबलवर बोलतो. मागचा आवाज ७० झाला की आपोआप आवाज चढतो, शेजारच्या टेबलाचाही चढतो आणि सगळं दुकान मिनिटाभरात ओरडायला लागतं. गाणी कमी करायला सांगितलं की दोन मिनिटांत गर्दीचाही आवाज उतरतो, करून पाहा. मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप अचूक नसतं, पण दोन टेबलांतला फरक सांगायला पुरतं.

कुठे बसायचं? काउंटरपासून लांब, पण दाराजवळ नाही, कारण राम मारुती किंवा गोखले रोडचे हॉर्न दार उघडलं की थेट आत. पाठ भिंतीला आणि डोक्यावर स्पीकर नको. एसीच्या झोताखालची खुर्ची कायम रिकामी असते, ती का रिकामी आहे हे कॉफी दहा मिनिटांत थंड झाली की कळतं.

कोणी मालक वाचत असतील तर: छताच्या पाव ते एक तृतीयांश भागाला २५ ते ५० मिलिमीटर जाडीचे फेल्ट किंवा कापडात गुंडाळलेल्या रॉकवूलचे तक्ते लावा, ग्राइंडरखाली आणि चोथ्याच्या डब्याखाली रबराची मॅट घाला, खुर्च्यांच्या पायांना बूच. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी काही होत नाही, झुरळं होतात.

काका_पाचपाखाडी
रविवार, सकाळी १०:०५

तरुण मंडळींचं चाललंय ते ठीक, पण ज्येष्ठांच्या सोयीचंही नोंदवा. जुन्या इमारतींत पावसाचं पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच. दारात दोन पायऱ्या आणि कठडा नाही. आत उंच स्टूल, पाठ नाही. साधी खुर्ची १८ इंच उंच आणि टेबल ३० इंच, हे माप माणसाला शेकडो वर्षं पुरलंय. मेन्यू फक्त क्यूआर कोडवर, तोही पिवळ्या अंधारात. छापील मेन्यू ठेवण्याचं बंधन नसेल, पण एक लॅमिनेटेड कागद ठेवायला काय जातं? आणि शौचालय आहे का, हे ऑर्डर देण्यापूर्वी विचारावं. पुष्कळ गाळ्यांना स्वतःचं नसतं, इमारतीच्या मागचं असतं आणि किल्ली वॉचमनकडे.

घोडबंदरवाली
रविवार, सकाळी १०:२०

काका, +१. पावसाळ्यात आणखी एक: दारात छत्र्यांसाठी बादली आणि पायपुसणं नसेल तर ती गुळगुळीत लादी ज्येष्ठांना धोक्याची आहे. बाहेर फुटपाथवर मांडलेल्या टेबलांचं कौतुक तर अजिबात नको. तो फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, आणि संध्याकाळी तळ्याकाठचे डास वेगळे.

नेरूळकर
रविवार, सकाळी ११:३०

खाडीपलीकडून लिहितोय, चालेल ना?

पाण्याबद्दल. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी, ठाण्याला भातसा, स्टेम (शहाड-टेमघर पाणी प्राधिकरण) आणि एमआयडीसीकडून. धरणाचं पाणी मुळात हलकं, कॉफीला अडचण नाही. अडचण घोडबंदर पट्ट्यात टँकर लागतो तिथे. टँकरमध्ये बोअरचं पाणी आलं की ते जड, मशीनच्या हीटिंग कॉइलवर पांढरा थर चढतो, बारीक वाहिन्या बुजतात आणि एक दिवस रविवारीच मशीन बंद. म्हणून मालक घाबरून आरओ लावतात आणि दुसऱ्या टोकाला जातात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २० असलेलं पाणी कॉफीतून चव नीट ओढून घेत नाही, कप पाणचट लागतो, आंबटपणा मात्र पुढे येतो. १०० ते १५० च्या आसपास टीडीएस हवा. आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळायचा व्हॉल्व असतो, तो नीट लावला की काम होतं.

गिऱ्हाइकाने काय बघायचं? टेबलावर दिलेलं पाणी प्या. ते मचूळ किंवा क्लोरीनच्या वासाचं असेल तर अमेरिकानो मागवू नका, त्या कपात बहुतांश तेच पाणी असतं. दुधाच्या कॉफीत एवढं कळत नाही.

बर्फाचंही तेच. मध्ये पोकळी असलेले छोटे खडे लवकर विरघळतात, आईस्ड लाटे दहा मिनिटांत पन्हं होतं, तेही बिनगुळाचं. 'बर्फ निम्मा, दूध थंड' असं सांगावं.

दवरा-टंबलर
रविवार, दुपारी १२:१०

धाग्यात फिल्टर कॉफीचं नाव नाही? ठाण्यात पुष्कळ नव्या दुकानांनी मेन्यूत 'साउथ फिल्टर' घातली आहे आणि निम्म्या ठिकाणी ती बिघडते, कारण ती एस्प्रेसोच्या माणसाच्या हाती असते.

डिकॉक्शनला २५-३० ग्रॅम पूड, पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात हलकी दाबायची, चकती ठेवायची, उकळी येऊन जरा बसलेलं १५० मिली पाणी ओतायचं. पंधरा-वीस मिनिटांत थेंब थेंब उतरतं. घाई करून चकती दाबली की पूड घट्ट बसते आणि उतरणंच थांबतं. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळीची पूड) पाणी धरून ठेवते, म्हणून चिकोरी जास्त तितकं डिकॉक्शन दाट, काळं आणि हळू. मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही आणि टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. दुकानात बरणीत ओतलेली पूड असते, म्हणून विचारा: ८०-२० की ५३-४७? उत्तर आलं तर समजा त्यांना ठाऊक आहे.

बिघडतं कुठे? सकाळचं डिकॉक्शन दिवसभर गरम प्लेटवर ठेवतात. दोन तासांत कडवट, जळकं. ते थंडच ठेवायचं, गरम करायचं ते दूध. कपात २५-३० मिली डिकॉक्शन, वर ८० मिली उकळतं दूध, दोन-तीनदा उंचावरून ओतलं की झालं. दुसरी चूक म्हणजे दूध वाफेच्या नळीने तापवणं. तो फेस वेगळा आहे, टंबलरमध्ये तो शोभत नाही.

आणि हो, दूधखुळा, तुमचं ७० अंशांचं गणित इथे चालत नाही. इथे उकळलेलंच लागतं.

दूधखुळा
रविवार, दुपारी १२:२५

मान्य. फिल्टर कॉफीत उकळलेल्या दुधाचा वास हीच तर अर्धी चव. माझं म्हणणं कॅपुचिनोपुरतं.

खुर्चीधारक
रविवार, दुपारी १:४०

लॅपटॉपवाल्यांबद्दल सगळे मनात बोलताय, मीच लिहितो.

एका कपावर तास काढण्याची रीत जुनी आहे. कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं, १९५७ पासून कामगारांच्या सहकारी सोसायट्यांनी ती चालवायला घेतली, आणि गप्पा हाच तिथला मुख्य पदार्थ मानला गेला. फरक एवढाच की तिथे मोठी दालनं असतात, आणि इथे चौदा खुर्च्या.

आकड्यात मांडतो. समजा रविवारी सकाळचे तीन तास दुकान भरलेलं असतं. चौघांच्या टेबलावर एकटा लॅपटॉपवाला २२० रुपयांत तीन तास बसला, तर त्याच टेबलावर पाऊण-पाऊण तासाच्या चार खेपा झाल्या असत्या. मालक गिऱ्हाइकाला उठवत नाही, तो सॉकेट बंद करतो. वायफाय 'आज जरा स्लो आहे' हे वाक्यही त्याच घराण्यातलं.

रीत अशी ठेवावी: आठवड्याच्या दिवशी ११ ते ४ खुशाल बसा, दीड तासाला एक ऑर्डर. दोघांचं टेबल घ्या, चौघांचं नको. शनिवार-रविवारी सकाळी लॅपटॉप उघडूच नका. फोनवर मीटिंग असेल तर बाहेर. बसण्याआधी सॉकेट तपासा; बरेचसे सैल असतात आणि चार्जर लोंबकळून ठिणगी पडते. सोफ्यासमोरचं बुटकं टेबल १८ इंचांचं असतं, तिथे लॅपटॉपवर काम केलं तर मान दुसऱ्या दिवशी बोलते.

नौपाडेकर
रविवार, दुपारी २:१५

भारी चाललंय. एक राहिलं: कप बिघडलेला आला तर सांगायचं कसं? 'चांगली नाही' म्हटलं की ते साखर आणून देतात.

पोर्टाफिल्टर
रविवार, दुपारी ३:०५

बरोबर शब्द सांगितला की दुरुस्ती बरोबर होते.

आंबट, पातळ, जिभेच्या कडेला झोंबते: शॉट १५-१८ सेकंदांत धावला, दळण जाड झालं. कडू, जळकी, घसा कोरडा करणारी: शॉट चाळीसच्या पुढे गेला, किंवा मशीनमध्ये कॉफीचं जुनं तेल साचलंय. पावसाळ्यात दमट हवेने दळणाची वागणूक सकाळ-दुपार बदलते, म्हणून चांगला माणूस दिवसातून दोन-तीनदा ग्राइंडरचं सेटिंग बदलतो. गर्दीत तेवढंच राहून जातं. तेव्हा 'फार आंबट आहे, जरा बारीक दळून दुसरा शॉट घ्याल का?' असं म्हणा. पहिल्या दोन-तीन घोटांत सांगा. अर्धा कप संपवून परत केला तर पोराला खिशातून भरायला लावणारे मालकही असतात.

ऑर्डर देण्याआधी तीस सेकंद काउंटरकडे बघितलं तरी पुष्कळ कळतं. पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचं दांड्याचं भांडं, मशीनला लावलेलं हवं. ट्रेवर थंड पडलेलं असेल तर पहिला शॉट आंबट. ग्राइंडरवरच्या दाण्यांच्या भांड्याला आतून तपकिरी तेलकट थर असेल तर वासच खवट. दाण्यांच्या पुडीवर भाजल्याची तारीख शोधा, आठवडा ते महिना झालेले दाणे उत्तम.

पण मुख्य म्हणजे वाफेची नळी. टोकाला बारीक भोकं असतात, बहुतेक चार. दूध वाफवून बंद केलं की आतली वाफ थंड होऊन आकसते आणि ते टोक थोडं दूध आत ओढून घेतं. म्हणून ओल्या फडक्याने लगेच पुसायचं आणि सेकंदभर वाफ सोडून आतलं दूध बाहेर फेकायचं. 'फुस्स' असा तो आवाज प्रत्येक जगानंतर यायला हवा. येत नसेल तर आत दूध शिजतंय. नळीवर पिवळट, खरवडावा लागेल असा थर दिसला तर एखादं भोक बुजलेलं असण्याची शक्यता मोठी, मग दूध एका बाजूला फिरतं आणि फुगे येतात. फडकंही बघा, त्याचा रंग कोणता होता हे ओळखता यायला हवं. हे दिसलं तर काळी कॉफी घ्या, किंवा बाटलीतलं काही.

घोडबंदरवाली
रविवार, दुपारी ३:३०

आणि दुधाची ॲलर्जी असेल तर ओट मिल्क मागताना 'जग आणि नळी दोन्ही धुऊन' असं स्पष्ट सांगावं. नुसता जग बदलून भागत नाही, हे या नळीच्या वर्णनावरून कळलंच. ॲलर्जी तीव्र असेल तर नळीच्या वाटेलाच जाऊ नये.

हिशेबनीस
रविवार, दुपारी ४:००

टिपचं कोणी लिहिलं नाही. यूपीआयच्या क्यूआरवर टाकलेली टिप मालकाच्या खात्यात जाते. पुढे पोरांना मिळते की नाही हे दुकानावर अवलंबून. काउंटरवरच्या बरणीत रोख टाकलेली बरी. ओट मिल्क मागवून जग धुवायला लावला असेल तर जरूर.

नौपाडेकर
रविवार, दुपारी ४:२०

शेवटचा प्रश्न, पोर्टाफिल्टरना. रविवारीच जायचं असेल तर कधी?

पोर्टाफिल्टर
रविवार, दुपारी ४:४५

आठला शटर वर गेलं तरी मशीन नीट तापायला २५-३० मिनिटं लागतात. शहाणे साडेसातला सुरू करून ठेवतात, पण सगळेच नाही. शिवाय सकाळचे पहिले दोन-तीन शॉट दळण जुळवण्यात जातात, ते गिऱ्हाइकाला द्यायचे नसतात. घाईत दिले जातात. म्हणून आठला नको. ८:३५ ते ९:१५. साडेनऊला ॲपवरच्या ऑर्डरी सुरू होतात.

एक दुरुस्ती: वर सव्वाने गुणा म्हटलं ते दुधाच्या गरम कपांना. आधीच्या कपांत कोल्ड ब्रू असतील तर ते मोजू नका. कोल्ड ब्रू आदल्या रात्रीच बारा-सोळा तास भिजत घातलेली असते, नुसती ओतायची.

चहाबाज
रविवार, संध्याकाळी ५:१०

८:३५. बरं. तोवर टपरीवर एक कटिंग होतोच.